तबकडीची नवी आवृत्ति

एकत्र कुटुंबांत वाद व्हावयास कारण मोठेंच लागतें असें नाहीं. एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यावरून दिसतें कीं, त्यांच्या घरीं सध्यां एका काळ्या तबकडीवरून दोन पक्ष पडले आहेत. परदेशीं शिकावयास गेलेल्या पुतण्यानें सुटींत येतांना ग्रामोफोनची एक नवी तबकडी आणली. गाणीं साठ वर्षांपूर्वींचीं, तींहि इंग्रजी. तबकडी मात्र कोरी करकरीत, आणि किंमत साडेचार हजार रुपये. आंकडा ऐकून थोरल्या काकांनीं हातांतला चहाचा पेला खालीं ठेवला. हींच गाणीं फोनवर फुकट ऐकूं येतात, हा काकांचा मुद्दा. फोनवर येतें तें खरें नव्हे, हा पुतण्याचा. याच घरीं माळ्यावर आजींच्या वेळच्या साठ-सत्तर तबकड्या गोणपाटांत बांधून पडल्या आहेत. त्या भंगारवाल्यास देऊन जागा मोकळी करावी, यावर मात्र दोन्ही पक्षांचें एकमत आहे. बरोबर कोणाचें, असें भगिनी विचारतात.

माझ्या मतें ज्या गोष्टीविषयीं या घरांत भांडण आहे ती लहान आहे, आणि जिच्याविषयीं एकमत आहे तीच मोठी आहे. परंतु न्याय द्यावयाचा तर लहान गोष्टहि नीट समजून घेतली पाहिजे. म्हणून क्रमानें जाऊं.

प्रथम त्या गाण्यांविषयीं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियांत, एक खेळ फार लोकप्रिय आहे. समुद्रांत लांबट फळी टाकावयाची, उंच लाट आली कीं त्या फळीवर उभें राहावयाचें, आणि लाटेच्या उतारावरून घसरत किनाऱ्यास यावयाचें. हा खेळ मूळचा हवाई बेटांतला. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील तरुणांना त्याचें वेड लागलें आणि त्या वेडाबरोबर त्याचें संगीतहि जन्मास आलें. डिक डेल नांवाच्या वादकानें विजेच्या गिटारवर तार इतक्या जलद छेडली कीं, ऐकणारास लाट फुटल्याचा भास व्हावा. १९६२ सालीं त्यानें वाजविलेली 'मिसिर्लू' ही चाल मूळ पूर्व भूमध्यसमुद्राकाठची आहे. गाणाऱ्यांमध्यें 'बीच बॉइज' हें पथक सर्वांत नांवाजलें. तें १९६१ सालीं हॉथॉर्न या गांवीं निघालें, आणि त्यांत तीन सख्खे भाऊ, त्यांचा एक आतेभाऊ व एक मित्र होते. म्हणजे तेंहि एका अर्थीं एकत्र कुटुंबच. मौज अशी कीं, लाटांचीं गाणीं गाणाऱ्या या पांच जणांत खरोखर फळीवर उभा राहणारा एक मधला भाऊ डेनिस तेवढा होता. काव्य करावयास अनुभव लागतोच असें नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

या मंडळींतला थोरला भाऊ ब्रायन विल्सन हा रचनाकार. त्याचा जन्म १९४२ चा. ११ जून २०२५ रोजीं तो वारला. त्याला उजव्या कानानें जवळ जवळ ऐकूं येत नसे. ज्याला एकाच कानाचा आधार आहे त्याला दोन बाजूंनीं येणाऱ्या ध्वनीचें, म्हणजे ज्याला आपण 'स्टीरिओ' म्हणतों त्याचें, काय सुख? त्यानें आपलीं गाणीं एकाच मुखांतून यावीं अशा बेतानें बांधलीं. सगळीं वाद्यें आणि सगळे आवाज एकत्र कालवून त्यांचा जो एक रस होई, तोच त्याला अभिप्रेत होता. १६ मे १९६६ रोजीं निघालेली 'पेट साउंड्स' ही त्याची सर्वांत वाखाणलेली कृति. कंपनीला मात्र दुकानांत स्टीरिओ हवा होता. तेव्हां त्या एकाच प्रवाहाचे कृत्रिम रीतीनें दोन प्रवाह करून, एकांत खर्ज व दुसऱ्यांत तीव्र स्वर वाढवून, एक खोटी स्टीरिओ तबकडीहि विकण्यांत आली. मूळच्या सुट्या सुट्या फिती जुळवून खरी स्टीरिओ आवृत्ति पुढें १९९७ सालीं प्रसिद्ध झाली.

ज्यांनीं संस्कृत ग्रंथांचा थोडाबहुत व्यासंग केला आहे, त्यांस ही हकीकत अगदीं ओळखीची वाटेल. मूळ ग्रंथ एक. त्याच्या प्रति अनेक. कोणीं आपल्या पदरचे श्लोक घातले, कोणीं कठीण शब्द काढून सोपा ठेवला, कोणीं गाळलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून १९४३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तिचें संपादन केलें, आणि पुढच्या पिढीनें तें काम १९६६ सालीं, म्हणजे 'पेट साउंड्स' निघाली त्याच वर्षीं, पुरें केलें. या दोन गोष्टींची योग्यता एक नव्हे, हें सांगावयास नको. परंतु दोहोंपुढचा प्रश्न एकच आहे : मूळ काय होतें, प्रक्षिप्त काय आहे, आणि आज आपल्या हातीं जी प्रत आहे ती मुळापासून किती हातांवर आहे? पुतण्या ज्याला 'खरें' म्हणतो तें हेंच.

आतां तबकडीची वंशावळ पाहूं. गाणें प्रथम चुंबकीय फितीवर उतरलेलें असतें. फितीवरचा ध्वनि ॲल्युमिनियमच्या एका चकतीवर, तिला दिलेल्या मऊ रोगणाच्या थरावर, तापलेल्या बारीक टांकीनें नागमोडी चर पाडून कोरतात. या चकतीवर रुप्याचा पातळ लेप देतात व विजेच्या साहाय्यानें त्यावर निकेलचा थर चढवितात. तो थर सोलून काढला कीं चराच्या जागीं उंचवटा असलेला उलटा ठसा मिळतो. कारखान्यांतले लोक त्याला 'बाप' म्हणतात. बापावर पुन्हां निकेल चढवून सुलटा ठसा काढतात, ती 'आई'. आईपासून पुन्हां उलटे साचे निघतात, आणि त्या साच्यांच्या जोडीमध्यें विनाइलचा गरम गोळा दाबला कीं तबकडी तयार होते. एका साच्यावरून हजाराच्या आसपास तबकड्या निघतात. मग तो झिजतो आणि आईकडून दुसरा मागावा लागतो. जुन्या तबकडीची नवी आवृत्ति काढणें म्हणजे ही सारी वंशावळ पहिल्यापासून पुन्हां सुरू करणें होय. आणि ती मूळपुरुषापासून, म्हणजे पहिल्या फितीपासून, सुरू केली कीं मध्यल्याच एखाद्या नकलेपासून, यावरच तिची किंमत अवलंबून असते.

मूळपुरुष मात्र अमर नाहीं. १ जून २००८ रोजीं लॉस एंजेल्सजवळ युनिव्हर्सल कंपनीच्या आवारांत लागलेल्या आगींत पुष्कळ मूळ फिती जळाल्या. त्या नुकसानीची व्याप्ति लोकांस कळली २०१९ सालीं. कोरावयाच्या रोगणी चकत्यांचीहि तीच गत. साऱ्या जगांत त्या करणारे दोनच कारखाने उरले होते, एक अमेरिकेंत व एक जपानांत. त्यांतला अमेरिकेंतला, कॅलिफोर्नियांतील बॅनिंग येथील कारखाना ६ फेब्रुवारी २०२० रोजीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. इतकें असूनहि लोकांची हौस कमी झाली नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंत सुमारें ४ कोटी १० लक्ष विनाइल तबकड्या खपल्या व सी. डी. खपल्या ३ कोटी ३० लक्ष, तबकडीनें सी. डी.ला संख्येनें मागें टाकण्याचा असा प्रसंग १९८७ नंतर प्रथमच आला. आपल्याकडेहि २०२४ सालीं नवी मुंबईंत, पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर, विनाइल तबकड्या काढणें पुन्हां सुरू झालें आहे.

अशी हौस वाढली कीं तिच्याबरोबर जाहिरातहि वाढते, आणि जाहिरातींतलें कोणतें वाक्य खरें हें गृहस्थानें ओळखलें पाहिजे. तबकडीच्या वेष्टणावर बहुधा पहिली गोष्ट असते ती वजनाची. साठ वर्षांपूर्वींची तबकडी सव्वाशें-दीडशें ग्रॅमची असे, आतां १८० किंवा २०० ग्रॅमची करतात. जड तबकडी हातांत भारदस्त वाटते व सहसा वांकत नाहीं, एवढा तिचा गुण खरा. पण चराची खोली वजनाबरोबर वाढत नाहीं, त्यामुळें ग्रॅमांनीं गाणें सुधारतें असें मानूं नये. पितळेची समई जड असली म्हणून उजेड अधिक पडत नाहीं.

दुसरी गोष्ट गतीची, आणि हिच्यांत मात्र तथ्य आहे. नेहमींची लांब तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेशीं सुईखालून सेकंदास सुमारें ५१ सेंटिमीटर चर सरकतो, आणि शेवटीं मधल्या कागदाजवळ फेरा लहान झाल्यामुळें तोच वेग सुमारें २१ सेंटिमीटरांवर येतो. म्हणजे शेवटच्या गाण्यास पहिल्याच्या निम्म्याहूनहि कमी जागा मिळते. तीव्र स्वर तेथें दाटीवाटीनें बसतात व फाटल्यासारखे वाटतात. तीच तबकडी ४५ फेऱ्यांनीं फिरेल अशी कोरली तर सर्वत्र ३५ टक्के अधिक जागा मिळते. मात्र एका तबकडीचीं गाणीं दोन तबकड्यांवर पसरावीं लागतात व दर दहा-बारा मिनिटांनीं उठावें लागतें. अमेरिकेच्या कान्सास संस्थानांत सलायना या गांवीं 'ॲनालॉग प्रॉडक्शन्स' म्हणून संस्था आहे, तिनें बीच बॉइजच्या तबकड्या अशा दोन्ही गतींनीं आणि एकमुखी व स्टीरिओ अशा दोन्ही रूपांनीं काढल्या आहेत. कोणती घ्यावी असें मला विचाराल तर, रचणाराचा कान ज्या रूपावर बसला होता तें, म्हणजे एकमुखीच, आधीं ऐकावें.

तिसरी गोष्ट 'मूळ फितीवरून' या शब्दांची. २०२२ सालीं असें उघडकीस आलें कीं, अमेरिकेंतील एक प्रतिष्ठित कंपनी ज्या तबकड्या थेट मूळ फितीवरून कोरल्या असाव्या असा ग्राहकांचा समज होता, त्या कांहीं वर्षें मध्यें संगणकी नक्कल करून कोरीत होती. ग्राहकांनीं फिर्यादी केल्या. विचार करण्यासारखें एवढेंच कीं, त्या दिवसापर्यंत याच तबकड्यांची मोठमोठ्या रसिकांनीं वाहवा केली होती. कान फसले नव्हते. विश्वास फसला होता. संगणकी नक्कल ही वाईटच असते असें नाहीं, पण जें केलें तें सांगावें, हा संपादकाचा धर्म आहे. भांडारकर मंदिराच्या आवृत्तींत प्रत्येक पानाखालीं पाठभेद दिले आहेत ते याचसाठीं.

तेव्हां भगिनींच्या प्रश्नापुरता निवाडा असा. फुकट मिळणारें आणि विकत घेतलेलें यांत फरक असूं शकतो, हें पुतण्याचें म्हणणें खरें. परंतु किंमत हा त्या फरकाचा पुरावा नव्हे, हें काकांचें म्हणणेंहि खरें. वेष्टणावर कोणत्या फितीवरून, कोणीं व केव्हां कोरली हें स्पष्ट छापलेलें असेल, तर ती तबकडी अभ्यासानें काढलेली आवृत्ति समजावी. तसें नसेल तर ती केवळ नव्या पुठ्ठ्याची बांधणी होय, आणि तिच्यासाठीं चार हजार मोडूं नयेत.

आतां माळ्यावरच्या गोणपाटाकडे वळूं, कारण खरा प्रश्न तेथें आहे.

हिंदुस्थानांत तबकड्या प्रथम उतरल्या त्या १९०२ सालीं, कलकत्त्यास. फ्रेड गेसबर्ग नांवाचा ध्वनिमुद्रक विलायतेहून आला होता, आणि त्यानें गौहरजान वगैरे गायिकांचें गाणें मेणाच्या चकतीवर घेतलें. तेव्हां वीज नव्हती. गाणारानें कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें, आणि तीन मिनिटांत सारा राग आटपावा. चकत्या जर्मनींत हॅनोव्हरला जात व तेथून तबकड्या होऊन परत येत. गाणें संपलें कीं गौहरजान इंग्रजींत आपलें नांव सांगे. तें मिरविण्यासाठीं नव्हे, तर परक्या मुलुखांतल्या कारागिरास तबकडी कोणाची हें समजावें म्हणून. १९०८ पासून कलकत्त्यांतच सियालदह येथें कारखाना सुरू झाला. १९२५ नंतर विजेचा ध्वनिग्राहक आला आणि आवाजाचा पोत अधिक उमटूं लागला.

या जुन्या तबकड्या ज्या द्रव्याच्या, तें आपल्याच देशचें. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे वसाहत करतात. त्यांच्या अंगांतून जो राळेसारखा स्राव होतो त्याची लाख. दगडाची पूड व काजळी लाखेंत मळून तबकडी करीत. ज्या लाक्षेचें घर पांडवांना जाळण्यासाठीं दुर्योधनानें बांधविलें, त्याच लाक्षेवर आपल्या गायकांचे आवाज जपले गेले. युद्धाच्या काळांत, १९४२ सालीं, अमेरिकेंत लाखेचा तुटवडा पडला आणि जुन्या तबकड्या गोळा करून, त्या वितळवून नव्या करण्याची मोहीम निघाली. किती दुर्मिळ आवाज त्या भट्टींत गेले असतील तें सांगतां येणार नाहीं. आज तशी टंचाई नसतां आपण होऊन त्या भंगारांत घालाव्या, याला काय म्हणावें?

महाराष्ट्रांत ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून नाटकाचें गाणें घराघरांत शिरलें. तबकडी आल्यावर तें दिवाणखान्यांत कायमचें राहावयास आलें. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या ज्या घरीं नाहींत, असें मध्यमवर्गीय घर शोधावें लागे. कुत्र्याच्या छापाचा फोनो, त्याची चावी, पिनांची लहानशी डबी, आणि 'चावी जास्त देऊं नको' असा वडील माणसांचा धाक, हें साठीच्या पुढील वाचकांस आठवेल. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीमखां साहेबांनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९३७ पूर्वीं, ओडियन छापावर दिलेल्या तबकड्या आजहि गाणारे लोक गुरुमंत्रासारख्या ऐकतात.

आणि ज्यांच्या तबकड्या झाल्या नाहींत, त्यांचें काय? 'स्वयंवर' नाटकाच्या चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. त्यांच्या आवाजाची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. गानसम्राट अल्लादियाखां साहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांचाहि आवाज मागें राहिला नाहीं. उलट त्यांच्याच शिष्या, गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची गोष्ट पाहा. त्यांनीं गाइलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी अमेरिकेनें १९७७ सालीं सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडींत कोरून पाठविली आहे. ती तबकडी मिनिटास १६⅔ फेऱ्यांनीं वाजवावयाची. सोबत सुई दिली आहे आणि वाजविण्याची रीत चित्रांनीं वेष्टणावर खोदली आहे. दुसऱ्या यानाचें उड्डाण ५ सप्टेंबरला झालें, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्यांपैकीं व्हॉयेजर-१ हें यान आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. गुरूचा आवाज घराच्या उंबऱ्यांत विरला, शिष्येचा ताऱ्यांच्या वाटेला लागला. दोहोंमध्यें फरक तीन मिनिटांच्या एका तबकडीचा.

पुढें लांब तबकड्या आल्यावर या तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. मग कॅसेटी, सी. डी., आणि आतां फोन. त्या निघाल्या हें उपकारच झाले. परंतु त्यांत दोन प्रकारचे पाठदोष शिरले आहेत, ते जाणत्यानें ओळखावे. पहिला गतीचा. ७८ फेऱ्यांची म्हणून विकलेली प्रत्येक जुनी तबकडी ठीक ७८ चीच असे असें नाहीं. कांहीं त्याहून मंद, तर कांहीं जलद गतीनें कोरलेल्या असत. ७८ ऐवजीं सुमारें ७३⅔ फेऱ्यांनीं वाजविली कीं आवाज बरोबर अर्ध्या स्वरानें उतरतो; काळी दोनमध्यें गाणारा पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो, आणि ख्यालाची चालहि मंदावते. नवी आवृत्ति काढणारानें हें तपासलें नाहीं, तर आपण भलताच आवाज बालगंधर्वांचा म्हणून ऐकत बसतों. दुसरा दोष अतिस्वच्छतेचा. खरखर जावी म्हणून यंत्रानें इतकें गाळतात कीं, खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी आणि शब्दांतले 'स', 'श' हेहि जातात. पोथ्यांच्या शास्त्रांत हा अनुभव जुना आहे : अडाणी पण प्रामाणिक लेखनिकापेक्षां हुशार आणि सुधारणा करणारा लेखनिकच ग्रंथाचें अधिक नुकसान करतो.

हे दोष दुरुस्त करावयाचे तर पुन्हां मूळ प्रतीकडे गेलें पाहिजे, आणि येथेंच माळ्यावरच्या गोणपाटाचें महत्त्व आहे. बीच बॉइजच्या फिती कंपनीच्या कोठारांत राहिल्या, म्हणून साठ वर्षांनंतर त्यांच्या उत्तम आवृत्त्या निघूं शकल्या. आपल्या जुन्या तबकड्यांचे धातूचे ठसे पुष्कळसे काळाच्या ओघांत नाहींसे झाले. अशा वेळीं आई नाहीं, बाप नाहीं. उरली आहेत तीं घरोघर विखुरलेलीं लेंकरें. त्यांच्यावरूनच जें कांहीं पुन्हां उभें करावयाचें तें करावयाचें. मुंबईस १९९० सालीं स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या मंडळानें हें काम ओळखलें, डॉ. सुरेश चांदवणकर यांनीं संपादिलेल्या त्याच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या पत्रिकेंत जुन्या तबकड्यांच्या याद्या व गायकांच्या हकीकती चिकाटीनें छापल्या आहेत. महाभारताच्या प्रति काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या घरांतून व मठांतून जशा गोळा कराव्या लागल्या, तशाच या तबकड्याहि आहेत. आपली प्रत क्षुद्र म्हणून कोणीं फेंकून देऊं नये. न जाणो, तीच एक शुद्ध पाठाची असेल.

आमच्या आंबेनळीच्या बाजूस या गोष्टीला दुसरेंहि एक अंग आहे. २२ व २३ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडच्या घरांत व दुकानांत शिरलें, आणि त्याच दिवसांत तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. जेथें माणसें गेलीं तेथें तबकड्यांचा शोक कोण करील, आणि करूंहि नये. परंतु पूर ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला चिखलानें भरलेल्या सामानाचे ढीग लागले, त्यांत फोटो, पत्रें, जुन्या वह्या आणि तबकड्या यांची माती झाली. भांडींकुंडीं पुन्हां घेतां आलीं, हें मात्र पुन्हां आलें नाहीं. ज्यांनीं आपला ठेवा आधींच कोणाकडून उतरवून घेतला होता आणि नातेवाइकांकडे त्याची एक नक्कल दिली होती, त्यांचा आवाज वांचला. दोन ठिकाणीं असलेली वस्तु एका पुरानें जात नाहीं.

म्हणून, ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या असतील त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या. एक वही घालून प्रत्येक तबकडीचा छाप, क्रमांक, गाणाराचें नांव व नाटक लिहून काढावें. घरांतील वडील माणसांस ती केव्हां व कोणीं आणली हें आठवत असेल तर तेंहि लिहावें, कारण तें कोणत्याहि कंपनीच्या दप्तरांत मिळणार नाहीं. तबकड्या एकावर एक रचूं नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या, आणि तेंहि माळ्यावर पत्र्याखालीं नव्हे, तर राहत्या खोलींत, जमिनीपासून उंच. बुरशी धरलेलीं कागदी पाकिटें बदलावीं, पण त्यांवर कांहीं लिहिलेलें असेल तर तें वाळवून वेगळें जपावें. धुवावयाच्या झाल्या तर कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब व मऊ फडकें यांनीं चराच्या दिशेनें हलकेच पुसून, मधला कागद भिजूं न देतां, लगेच सावलींत सुकवाव्या. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधींहि लावूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते, आणि तबकडीबरोबर गाणेंहि. फुटलेली तबकडी टाकूं नये. तुकडे जुळवूनहि तिच्यावरील आवाज उतरवितां येतो.

वाजवितांना एक पथ्य विशेष पाळावें. लाखेच्या तबकडीचा चर रुंद, त्याला सुमारें ७५ मायक्रॉनची सुई लागते. विनाइलला २५ किंवा त्याहून बारीक. एकाची सुई दुसऱ्यास लावली तर एक तर गाणें बिघडतें नाहीं तर चर. जुन्या फोनोवर लोखंडी पिन वापरणार असाल तर प्रत्येक बाजूस नवी घालावी. एकच पिन आठ दिवस पुरविण्याची काटकसर गाण्याच्या जिवावर उठते. बाजारांतील बहुतेक नव्या यंत्रांवर ३३⅓ आणि ४५ एवढ्याच गति असतात. तेव्हां ज्या घरीं तरुण मंडळी हौसेनें यंत्र घेणारच आहेत, तेथें वडिलांनीं किंमतीवरून घासाघीस करण्यापेक्षां ७८ ची सोय आहे कीं नाहीं एवढें विचारावें. दोन-चारशें रुपये अधिक गेले तरी त्याच एका यंत्रावर नातवाचा ब्रायन विल्सन व आजीचे बालगंधर्व दोघेहि गातील, आणि दोघांकरितां वेगळे पक्ष करावे लागणार नाहींत.

हें काम मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या हवेंत उरकावें. आमच्या घाटाखालीं एकदां मृग बरसला कीं चार महिने कपाटांतलें धोतरसुद्धां दमट लागतें, आणि तेव्हां तबकडीचें पाकीट उघडणें म्हणजे बुरशीला आमंत्रण देणें होय. एका रविवारीं दहा तबकड्या, या हिशेबानें साठ-सत्तर तबकड्या दोन महिन्यांत पाहून होतील. भंगारवाला काय, पुढच्या वर्षींहि येईल. त्याला तोंवर रद्दी द्यावी.